वॅट म्हणजे आवाज नव्हे : घरच्या गिटार ॲम्पला नवा स्पीकर निवडताना



आजचा लेख एखाद्या धड्यावर नाही. पण सहावीच्या विज्ञानातला ध्वनीचा धडा शिकवताना हा सगळा अनुभव मला फार उपयोगी पडला, म्हणून इथे लिहिते आहे. विषय आहे गिटारच्या ॲम्प्लिफायरचा स्पीकर. घरी, हळू आवाजात वाजवायचं असेल तर खराब झालेल्या स्पीकरच्या जागी कोणता घ्यावा? ज्यांच्या घरात गिटार नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. ब्लूटूथ स्पीकर घेताना किंवा स्नेहसंमेलनासाठी साउंडवाल्याशी बोलताना आपण सगळेच एक चूक करतो. आकडा बघतो वॅटचा, आणि समजतो की तोच आवाज.

माझ्याकडे भावाची जुनी इलेक्ट्रिक गिटार आणि 15 वॅटचा छोटा ॲम्प आहे, 8 इंची स्पीकरचा. परिपाठात मुलांच्या गाण्यांना साथ करता यावी म्हणून तिशी उलटल्यावर वाजवायला शिकले. रात्रीची जेवणं आटोपली, दुसऱ्या दिवशीचं टाचण काढून झालं की अर्धा तास सराव. माझी मुलगी समोर बसून गाते.

आमच्या आणि शेजारच्या घरामध्ये एकच साडेचार इंची भिंत आहे. पलीकडची मुलगी यंदा दहावीला. चौथीत ती माझ्याच वर्गात होती. एकदा नळावर पाणी भरताना तिची आई सहज बोलून गेली, "मॅडम, ती हल्ली स्वयंपाकघरातच बसते अभ्यासाला. तिकडे शांत असतं." तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. पण मला मात्र ते लागलं. रोज एका ठरलेल्या जागी बसून अभ्यास करायचा हे त्या पोरीला मीच शिकवलं होतं, आणि तिची ती जागा माझ्याच गिटारने हिसकावली होती.

त्यानंतर पावसाळ्यात ॲम्प माळ्यावर पडून राहिला. खाली काढला तर आवाज फाटलेला. जाळीतून टॉर्च मारून बघितलं, तर स्पीकरचा कागदी कोन उंदराने चांगला मूठभर कुरतडलेला. म्हटलं, आता नवा घ्यायचाच आहे तर असा घेऊ, की हळू आवाजातही गोड वाजेल आणि भिंतीपलीकडे त्रास होणार नाही.

आधी झालेल्या चुका सांगते.

पहिल्यांदा ॲम्प घेऊन टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेले. त्यांनी होम थिएटरमधून काढलेला 8 इंची वूफर बसवून दिला. आवाज कमी झाला हे खरं, पण गिटार गोधडी पांघरून बोलतेय असं वाटायला लागलं. मुलगी म्हणाली, "आई, गिटारला सर्दी झालीय." तो काढला. दुसऱ्यांदा मीच शहाणपणा केला. मंडपवाल्याकडचा 100 वॅटचा स्पीकर आणला. विचार असा, की मोठी ताकद असली म्हणजे हळू वाजवताना त्याला काहीच ताण नाही. लावला आणि दचकलेच. ॲम्प तोच 15 वॅटचा, व्हॉल्यूमचं बटण त्याच खुणेवर, आणि आवाज मात्र वूफरपेक्षा कितीतरी मोठा! शिवाय कर्कश.

इथे माझ्यातली शिक्षिका जागी झाली. वीज तेवढीच देऊन आवाज कमी-जास्त कसा होतो? स्पीकरवरच्या वॅटचा आवाजाशी संबंधच नाही की काय?

खरंच फारसा नाही. स्पीकरवर लिहिलेला वॅटचा आकडा म्हणजे तो किती वीज सहन करू शकतो त्याची मर्यादा. लिफ्टमध्ये '8 व्यक्ती' अशी पाटी असते, म्हणून काही प्रत्येक वेळी आठ माणसं चढत नाहीत. 100 वॅटचा स्पीकर 15 वॅटच्या ॲम्पला लावला तर त्याला मिळणार जास्तीत जास्त पंधराच्या आसपास, आणि घरी वाजवताना त्याच्याही शतांश. हा आकडा बघायचा तो एवढ्यासाठीच, की स्पीकरची क्षमता ॲम्पपेक्षा कमी नको. पूर्ण ताकदीने वाजवलं तर जळेल. माझ्या 15 वॅटच्या ॲम्पला 15-20 वॅटचा स्पीकर पुरतो.

मग आवाज ठरतो कशावर? त्या आकड्याला म्हणतात संवेदनशीलता, इंग्रजीत सेन्सिटिव्हिटी. स्पीकरला 1 वॅट वीज दिली आणि 1 मीटरवर मोजलं तर किती डेसिबल भरतात, तो हा आकडा. मुलांना मी बल्बचं उदाहरण दिलं. जुना 60 वॅटचा पिवळा बल्ब आणि 9 वॅटचा एलईडी साधारण सारखाच उजेड देतात. म्हणजे वॅट हा उजेड नव्हे. त्या वॅटमधून कोण किती उजेड काढतो ते महत्त्वाचं. स्पीकरचंही तसंच.

गिटारवाल्यांच्या ओळखीचे आकडे बघा. इंग्लंडच्या सेलेशन कंपनीचा 'ब्लू' नावाचा 12 इंची स्पीकर, जो व्हॉक्सच्या एसी 30 ॲम्पमुळे नावाजला, तो फक्त 15 वॅटचा, पण संवेदनशीलता 100 डेसिबल. त्याच कंपनीचा 'सेव्हंटी 80' हा 80 वॅटचा, आणि संवेदनशीलता 98. म्हणजे पाचपट मोठा आकडा छापलेला स्पीकर तेवढ्याच विजेवर हळू वाजतो! 'ग्रीनबॅक' 25 वॅटचा, 98 डेसिबल. 'व्हिंटेज 30' च्या नावात 30 आहे, क्षमता 60 वॅट, संवेदनशीलता 100. वॅटवर भरवसा ठेवून खरेदी केली की फसगत कशी होते ते यातून कळतं.

माझ्या होम थिएटरच्या वूफरचा कोन जाड आणि जड होता. असे वूफर सहसा 90 च्या आत असतात. मंडपातला स्पीकर लांबवर आवाज फेकण्यासाठीच बनवलेला, म्हणून त्याची संवेदनशीलता जास्त. कोडं सुटलं.

आता थोडं गणित. सातवी-आठवीच्या मुलांनाही हे जमतं, घाबरू नका. वीज दसपट केली की 10 डेसिबल वाढतात, दुप्पट केली की 3. आपल्या कानाला 10 डेसिबलची वाढ साधारण 'दुप्पट मोठा आवाज' वाटते, 3 ची वाढ लक्ष दिलं तर कळते. आता 98 डेसिबलचा स्पीकर घ्या. 1 वॅटला 98. वॅटच्या दहाव्या भागाला 88. शंभराव्या भागाला 78. हजाराव्या भागाला 68. आणि आपण समोरासमोर बसून शांतपणे बोलतो तो आवाज 1 मीटरवर साधारण 60 डेसिबल असतो. म्हणजे वॅटच्या हजाराव्या भागातसुद्धा गिटार आपल्या बोलण्यापेक्षा मोठी वाजते! हे वहीत मांडल्यावर मी थोडा वेळ बघतच राहिले. रात्री घरी वाजवणाऱ्याने 15 वॅट की 30 वॅट असा वाद घालण्यात काही अर्थच नाही. त्या दोघांत फरक 3 डेसिबलचा, आणि आपण वापरतो त्यातला चिमूटभर.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे, कमी संवेदनशीलतेचा स्पीकर लावला की व्हॉल्यूमचं बटण जरा मोकळेपणी फिरवता येतं. जास्त संवेदनशील स्पीकरवर बटण शून्यावरून केसभर सरकवलं की आवाज धाडकन वाढतो. 'अगदी हळू' आणि 'शेजारी उठले' यांच्यामध्ये जागाच उरत नाही. दुसरी गोष्ट जरा निराश करणारी आहे, पण सांगायलाच हवी. 100 चा काढून 97 चा लावला म्हणून घर शांत होत नाही. 3 डेसिबल बटणानेही कमी होतात. ज्यांच्याकडे व्हॉल्व्हचे ॲम्प आहेत, ज्यांचा खरा रंग आवाज चढवल्यावरच येतो, ते असा स्पीकर मुद्दाम शोधतात. अमेरिकेच्या एमिनन्स कंपनीने तर मागच्या बाजूला फिरवायचं बटण असलेला स्पीकरच काढला. ते फिरवलं की चुंबकाचा परिणाम कमी होऊन आवाज सुमारे 9 डेसिबलपर्यंत उतरतो. माझ्यासारख्या साध्या ट्रान्झिस्टरच्या ॲम्पला एवढ्या खटाटोपाची गरज नाही.

मग स्पीकर बदलताना बघायचं काय? माझ्या मते, हळू आवाजात तो कसा लागतो ते. आणि इथे आपला कानच गडबड करतो.

1933 मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या उंचीचे स्वर माणसाला सारखेच मोठे वाटण्यासाठी किती जोराने वाजवावे लागतात, हे त्यांनी मोजलं. त्यातून दिसलं की आवाज हळू असताना आपला कान खालचे, जाड स्वर फार कमी पकडतो. मधले स्वर मात्र नीट ऐकू येतात. आवाज वाढवला की जाड स्वर पुन्हा जागेवर येतात. म्हणूनच ॲम्प हळू केला की गिटार पातळ, पत्र्यासारखी वाटायला लागते. स्पीकर वाईट नसतो, कान तसा आहे.

अशा वेळी आपण काय करतो? बासचं बटण वाढवतो. मीही रोज तेच करत होते. आणि भिंतीतून सगळ्यात सहज पलीकडे जातात ते हेच जाड स्वर! गिटारची सगळ्यात जाड तार सुमारे 82 हर्ट्झला वाजते. त्या लहरीची लांबी 4 मीटरच्या वर जाते. साडेचार इंची भिंत तिला काय अडवणार? पातळ स्वर भिंतीत अडकतात, जाड निघून जातात. थोडक्यात, जे मला ऐकू येत नव्हतं म्हणून मी वाढवत होते, नेमकं तेच त्या मुलीला ऐकू जात होतं. सूर नाही, शब्द नाही, नुसतं धुम् धुम्. त्यात कसला अभ्यास होणार?

हे कळल्यावर माझी निवड बदलली. मोठा, खोल बास देणारा स्पीकर नको. 12 इंचीचा मोह नको (तसाही माझ्या पेटीत मावला नसता). मधले स्वर मोकळे आणि गोड असणारा, वरचे स्वर टोचणार नाहीत असा, खास गिटारसाठी बनवलेला 8 इंची स्पीकर हवा. 'खास गिटारसाठी' हे महत्त्वाचं. गिटारचा स्पीकर मुद्दामच अपुरा बनवलेला असतो. साधारण 5000 हर्ट्झच्या पुढे त्याचा आवाज झपाट्याने गळतो. गाडीचा किंवा गाण्याचा स्पीकर त्याच्या कितीतरी पुढचे स्वरही वाजवतो. गाणी ऐकायला ते छान, पण गिटारचा आवाज जरा फाडून वाजवला की त्यातली सगळी चरचर कानात घुसते. पालकांनो, मुलाच्या ॲम्पला कुणी "कारचा स्पीकर टाकून देतो" म्हणालं तर नको म्हणा. वाजेल, पण मुलाला आपला आवाज आवडणार नाही आणि आठ दिवसांत गिटार कोपऱ्यात जाईल.

शेवटी मी 8 इंची, 15 वॅटचा, 94 डेसिबलचा गिटारचा स्पीकर मागवला. त्याआधी एक पर्याय तपासला होता, तोही सांगते. जिल्ह्याच्या ठिकाणी भजनी मंडळांचे आणि बँडवाल्यांचे स्पीकर दुरुस्त करणारे कारागीर असतात. ते जुन्या सांगाड्यावर नवा कोन आणि कॉइल बसवून देतात. जुना स्पीकर चांगल्या प्रतीचा असेल तर हे जरूर करावं. पण त्यांच्याकडे कोन असतात ते भोंगे-मंडपाच्या जातीचे, जाड. गिटारचा पातळ कागदी कोन मिळेलच असं नाही, आणि कोन बदलला की आवाजाची जातच बदलते. माझा जुना स्पीकर साधाच होता, म्हणून तो नाद सोडला.

आता एक आकडा, जो चुकवायचा नाही. ओहम.

ॲम्पच्या मागे किंवा जुन्या स्पीकरच्या चुंबकावर 4, 8 किंवा 16 ओहम लिहिलेलं असतं. व्हॉल्व्हचा ॲम्प असेल तर आकडा जुळलाच पाहिजे, आणि स्पीकर न जोडता तो कधीही चालू करायचा नाही. त्याचा ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पला त्याच्यावर लिहिलेल्यापेक्षा कमी ओहमचा स्पीकर लावायचा नाही, जास्त वीज ओढली जाऊन आतला भाग जळतो. जास्त ओहमचा चालतो, फक्त ताकद कमी मिळते. माझा ॲम्प 4 ओहमचा. मी मुद्दाम 8 चा घेतला. त्यामुळे मिळणारी वीज साधारण निम्म्यावर आली, म्हणजे आणखी 3 डेसिबल खाली. घरासाठी उलट बरंच झालं. जुन्यावरचा आकडा पुसला असेल तर मल्टिमीटर लावून बघा. 8 ओहमचा स्पीकर मीटरवर सहा-सातच्या आसपास दाखवतो, 4 चा तीन-साडेतीन. कमी दिसतो म्हणून खराब समजू नका, तसाच असतो.

बसवणं अवघड नाही. पण ॲम्प उघडण्याआधी प्लग काढा आणि तारा जोडण्याचं काम मुलांच्या हाती देऊ नका. व्हॉल्व्हचा ॲम्प असेल तर तो घरी उघडूच नका. प्लग काढल्यावरही त्याच्या आत जिवावर बेतेल इतकी वीज साठून राहते. माझ्या साध्या ॲम्पमध्ये चार बोल्ट आणि दोन वायरी, एवढंच काम होतं. नवा घेण्याआधी दोन मापं घ्या, एक बोल्टमधलं अंतर आणि दुसरं मागच्या चुंबकाची जाडी. चुंबक पेटीतल्या पत्र्याला टेकलं तर सगळी मेहनत वाया.

स्पीकर बसला. आवाज छान लागला. पण खरी परीक्षा भिंतीपलीकडे होती.

मी शेजारी गेले आणि त्या मुलीला म्हटलं, "मला मदत करशील का? तू तुझ्या अभ्यासाच्या जागी बस, पुस्तक उघड. मी वाजवते. त्रास व्हायला लागला की भिंतीवर टकटक कर." ती लाजली. "बाई, तुम्हाला कशी टकटक करू?" मी म्हटलं, "विज्ञानाचा प्रयोग आहे, गुण मिळतील." मग कुठे तयार झाली.

पहिल्या फेरीत बटण जेमतेम दोनवर गेलं तोच टकटक. माझ्या खोलीत तर आवाज काहीच नव्हता! जाऊन विचारलं तर म्हणाली, "गाणं ऐकू येत नाही बाई, फक्त जाड तार येते. जमिनीतून आल्यासारखी." ॲम्प जमिनीवर, त्याच भिंतीला टेकून ठेवला होता. मीच ठेवला होता. तो उचलून समोरच्या भिंतीकडे, खुर्चीवर घडी घातलेल्या गोधडीवर ठेवला आणि तोंड वर, माझ्या कानाकडे तिरकं केलं. स्पीकरचे वरचे स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. ॲम्प पायाशी असला की झोत गुडघ्यांवर पडतो, कानाला आवाज मंद वाटतो आणि आपण बटण वाढवतो. जवळ ठेवला, कानाकडे वळवला, तर तेवढाच आवाज भरपूर वाटतो. बासचं बटण निम्म्याखाली आणलं. दुसऱ्या फेरीत टकटक आली ती साडेतीनला. मी तीनवर पेन्सिलने रेघ मारली. आता त्या रेघेपलीकडे रात्री बटण जात नाही. माझी मुलगी पहारेकरी आहे.

मोबाईलवर आवाज मोजायची ॲप्स असतात. त्यांचा आकडा अचूक मानू नका, पण आधी आणि नंतर अशी तुलना करायला बरी पडतात. आपल्याकडच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा. शाळेभोवतीच्या शांतता क्षेत्रासाठी ती 50 आणि 40 आहे. वर्गात हे आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा मुलांनी लगेच विचारलं, "बाई, मग मधल्या सुट्टीत आपण किती?" मोजलं. आकडा इथे लिहीत नाही.

कुणी म्हणेल, एवढं करण्यापेक्षा हेडफोन लावायचे. बरोबर आहे. ॲम्पला हेडफोनची जागा असेल तर मुलाला आधी तेच द्या, फुकटात प्रश्न सुटतो. दहानंतर मीही तेच करते. पण माझी मुलगी माझ्याबरोबर गाते, आणि हेडफोनमध्ये दोघींचं गाणं होत नाही.

उंदराने खाल्लेला स्पीकर टाकला नाही. तो आता वर्गात विज्ञानाच्या पेटीत आहे. त्याच्या दोन टोकांना दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवला की टक् असा आवाज होऊन कोन पुढे उडी मारतो. सेल उलटा धरला तर मागे जातो. कोन शाबूत आहे त्या बाजूला चिमूटभर रवा टाकायचा आणि सेल टेकवायचा-काढायचा. रवा नाचतो. वीज, चुंबक आणि कंपन तिन्ही एका जागी दिसतात. फक्त सेल धरून ठेवू देऊ नका, कॉइल तापते. माझ्या वर्गात प्रत्येकाला तीन वेळा टेकवायची परवानगी आहे आणि चौथ्यांदा टेकवायला सगळेच टपलेले असतात.